टेपताईंचं इस्टिमेट

टेपताई हे नाव प्लंबरने ठेवलं आणि मग ते सगळ्यांच्याच तोंडी बसलं. पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण पाच मीटरचा पोलादी टेप असणारच. कुणाकडे चहाला गेल्या तरी बोलता बोलता दाराची रुंदी डोळ्यांनी मोजून मोकळ्या होत. कॉलेजात जाणारी त्यांची मुलगी म्हणायची, "आई, तू माझ्याकडे बघतेस ना, तेव्हा वाटतं माझ्यावर किती टाइल्स बसतील ते मोजतेस." बस डेपोत मेकॅनिक असलेला नवरा यावर पेपराआडून हसायचा, पण बोलायचं धाडस करायचा नाही.

घरदुरुस्तीची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराकडे त्या इस्टिमेटं करत. कुणाला स्वयंपाकघर नवं करायचंय, कुणाचं छत गळतंय. आधी जाऊन बघायचं, मापं घ्यायची आणि किती खर्च येईल, किती दिवस लागतील ते कागदावर मांडून द्यायचं. काम रुक्षच. पण टेपताई त्यात जीव ओतायच्या, आणि त्याचं मूळ त्यांच्या माहेरात होतं.

त्यांचे वडील सुतार. हात असा, की त्यांनी केलेला खण वीस वर्षांनीही एका बोटाने सरकायचा. तोंडात मात्र एकच शब्द, 'साधारण'. मामाने, म्हणजे त्यांच्या मेव्हण्याने, एकदा कपाट करायला सांगितलं. वडील म्हणाले, साधारण इतके होतील. मग लाकूड महागलं, मामीला दारावर आरसा हवासा वाटला, आतले कप्पे वाढले आणि शेवटी आकडा दीडपट झाला. मामा म्हणाला, घरच्या माणसाला फसवलंस. वडील म्हणाले, मी साधारण म्हणालो होतो. दोघंही खरंच बोलत होते. तरी नऊ वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. टेपताईंच्या लग्नालाही मामा आला नाही. लग्नाच्या फोटोत त्यांची आई हसते आहे, पण मान दाराकडे वळलेली आहे.

कंत्राटदार, ज्यांना सगळे मालक म्हणत, ते मुळात गवंडी. थापी खाली ठेवून माणसं हाताखाली घेतली, एवढंच. इस्टिमेट म्हणजे सिमेंटच्या गोणीचा कोपरा फाडून त्यावर एक आकडा. टेपताई तिथे लागल्या त्या फोन उचलायला. दोन महिन्यांत त्यांच्या लक्षात आलं, की आपण फोन कमी उचलतोय आणि शिव्या जास्त झेलतोय. त्यांनी एका वहीत खुणा करायला सुरुवात केली. दहांतल्या सात फोनांवर लोक एकच म्हणत होते, "हे आधी का नाही सांगितलं?"

त्यांनी वही मालकांपुढे ठेवली. मालक वैतागून म्हणाले, "मग तुम्हीच सांगत जा आधी!"

ते रागाने बोलले होते. टेपताईंनी ते मनावर घेतलं.

त्यांचं इस्टिमेट दोन पानांचं असे. पहिल्या पानावर काय काय करणार ते सरळ भाषेत. कोणती भिंत फुटणार, पाणी कोणत्या दिवशी किती तास बंद राहणार, राडारोडा कोण उचलणार. मग एकेका कामाचा वेगळा आकडा. दुसऱ्या पानावर ठळक मथळा, 'यात काय येत नाही'. तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मालकांचा चहा घशात अडकला.

"गिऱ्हाइकाला आपणच सांगायचं, आम्ही काय काय करणार नाही म्हणून? अहो, हे इस्टिमेट आहे की घटस्फोटाचे कागद?"

"घटस्फोट होऊ नये म्हणूनच," टेपताई म्हणाल्या.

आणि सगळ्यात खाली एक कलम. त्याची वाक्यं टेपताईंनी तीन दिवस घासूनपुसून केली होती. 'भिंतीच्या आणि जमिनीच्या आत काय आहे ते फोडल्याशिवाय आम्हाला दिसत नाही. त्यासाठी इतकी रक्कम राखून ठेवा. लागली तर काय निघालं ते तुम्हाला दाखवून मगच घेऊ. नाही लागली तर ती तुमचीच.' कामावरची माणसं त्याला 'न दिसणारं कलम' म्हणत.

पहिल्या वर्षी बरीच कामं हातची गेली, कारण दुसऱ्यांचे आकडे कमी असत. दुसऱ्या वर्षी, तिकडचे कमी आकडे काम संपेपर्यंत फुगल्यावर, त्यातलेच काहीजण भाऊबहिणींना घेऊन आले. मालक उघड कबूल करत नसत, पण गोणीचा कोपरा फाडायचे मात्र ते बंद झाले होते.

अशी नऊ वर्षं गेली आणि सिस्टरबाईंचा फोन आला.

सिस्टरबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. वय सत्तरीच्या आसपास, आवाज अजून वॉर्डातलाच. नवऱ्याला कंपवात होता. पाच वर्षांत हातांची थरथर पायांत उतरली, मग बोलण्यात. झोपायच्या खोलीला लागूनच न्हाणीघर होतं, पण त्याची जमीन खोलीपेक्षा सहा इंच उंच. ती एक पायरी काकांना चढता येईना. चौदा महिने सिस्टरबाई त्यांना पलंगावरच पुसून काढत होत्या.

"उचलून न्यायचे मी आधी," त्या टेपताईंना म्हणाल्या. "मग माझी पाठ गेली. आता आम्ही दोघं त्या पायरीकडे बघत बसतो. तीन जणांकडून आकडे घेतलेत. एकेक ओळीची चिठ्ठी. मी औषधाची बाटलीसुद्धा लेबल वाचल्याशिवाय उघडत नाही, आणि हे मला घर उघडायला सांगतायत."

टेपताईंना ही बाई तिथेच आवडली.

त्यांनी मापं घेतली. दाराची रुंदी, पायरीची उंची, पलंगापासून दारापर्यंतची पावलं. खिडकीशी एक उतरत्या फळीचं मोठं टेबल होतं. त्यावर औषधांच्या बाटल्या ठेवल्या होत्या आणि त्या घरंगळू नयेत म्हणून फळीच्या कडेला पट्टी ठोकली होती. टेपताईंनी टेबलाचंही माप घेतलं, कारण ते वाटेत येत होतं. मग त्या काकांसमोर स्टूल ओढून बसल्या.

"काका, धरायला तुम्हाला कोणता हात बरा पडतो? दांडी त्या बाजूला लावते."

काकांनी डावा हात उचलला. सिस्टरबाई दारात उभ्या होत्या, त्या जरा चमकल्या. आधी आलेल्या तिघांनी सगळं त्यांनाच विचारलं होतं. काकांकडे बघून ते फक्त 'नमस्कार' म्हणाले होते, तोही जरा मोठ्याने.

टेपताईंनी आणखी विचारलं. बसून अंघोळ करणार की उभ्याने? दार आत उघडलेलं चालेल की सरकतं हवं? काका उत्तरं देत होते. आवाज अगदी बारीक, शब्द एकमेकांत अडकलेले, पण टेपताईंना बहुतेक कळत होतं. शेवटी काकांनी खिडकीकडे हात केला आणि काहीतरी लांबलचक बोलले. टेपताईंनी कान पुढे केला. काका पुन्हा बोलले. या वेळी त्यांच्या कानावर आलं ते असं, 'बाहेर... बरं आहे.'

खिडकीतून छान वारा येत होता. "हो ना," टेपताई हसून म्हणाल्या, "आज हवा मस्त आहे."

काका क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान खाली घातली आणि हात मांडीवर ठेवला.

टेपताईंना त्याच वेळी आत कुठेतरी वाटलं होतं, की हे तसं नसावं. पण तिसऱ्यांदा विचारलं तर काकांना कमीपणा वाटेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. घड्याळात साडेअकरा वाजले होते आणि बाराला दुसरीकडे जायचं होतं, हेही खरंच होतं.

इस्टिमेट दोन लाख दहा हजारांचं झालं. न्हाणीघराची जमीन फोडून सहा इंच खाली घ्यायची, खोलीच्या पातळीला आणायची, उंबरा काढायचा, सरकतं दार, डाव्या हाताला दांडी, बसायला पक्का ओटा. न दिसणाऱ्या कलमात पंचवीस हजार. सिस्टरबाईंनी चष्मा लावून दोन्ही पानं दोनदा वाचली, तीन प्रश्न विचारले आणि सही केली.

काम सुरू झालं. चौथ्या दिवशी दुपारी प्लंबरचा फोन आला.

"टेपताई, जरा येऊन जाता का? पाणी काही जायचं नाव घेईना."

त्या गेल्या. न्हाणीघराची जमीन पार उकरून टाकलेली. प्लंबर खड्ड्याशी उकिडवा बसला होता. त्याने पारदर्शक नळीत पाणी भरून तिचं एक टोक खड्ड्यात धरलं होतं आणि दुसरं खिडकीतून बाहेर काढलं होतं. दोन्हीकडचं पाणी एका उंचीला येतं, त्यावरून जमिनीची पातळी कळते, ही त्याची जुनी युक्ती.

"इथलं पाणी बाहेरच्या चेंबरमध्ये जातं," तो म्हणाला. "जमीन सहा इंच खाली घेतली, म्हणजे पाणी निघायची जागाही सहा इंच खाली आली. आणि बाहेरचं चेंबर राहिलं वर. पाणी काय जिना चढून जाणारे?"

टेपताई अंगणात आल्या. घराच्या पुढच्या बाजूला, भिंतीपासून हातभर अंतरावर, चेंबरचं चौकोनी झाकण होतं. त्यावर फुलझाडाची एक कुंडी. पहिल्या दिवशी आत येताना त्या त्याच कुंडीला वळसा घालून आल्या होत्या. टेप पर्समध्ये होता. झाकण उचलून आत सोडायला दोन मिनिटं लागली असती.

आणि मग एकदम त्यांच्या कानात काकांचं ते वाक्य वाजलं, या वेळी पूर्ण. बाहेरचं चेंबर वर आहे.

त्या तिथेच कट्ट्यावर टेकल्या. प्लंबरने विचारलं, "चक्कर येतेय का? पाणी आणू?" त्यांनी नुसता हात हलवला.

संध्याकाळी ऑफिसात मालकांनी हिशोब केला. चेंबर खोल करायचं, तिथून रस्त्यापर्यंतचा पाइप उकरून खाली घ्यायचा, अंगणाची फरशी पुन्हा बसवायची. चाळीस हजार.

"पंचवीस न दिसणाऱ्या कलमातून जातील," मालक म्हणाले. "वरचे पंधरा जादा काम म्हणून लावू. झालं."

"ते कलमात बसत नाही मालक."

"का नाही बसत? जमिनीच्या आतलंच आहे की."

"झाकण जमिनीच्या वर आहे. त्यावर कुंडी आहे. मी बघितलं नाही, एवढंच."

मालकांनी खुर्ची मागे सरकवली. ते वाईट माणूस नव्हते. कामगाराच्या बायकोच्या ऑपरेशनला स्वतःची मोटारसायकल विकलेला माणूस. पण चाळीस हजार म्हणजे चाळीस हजार. "हे बघा ताई. तुम्ही आधी लिहिलं असतं, तर त्यांनी हे पैसे दिलेच असते ना? खर्च तर त्यांचाच आहे. आपण काय खिशात घालतोय?"

या बोलण्यात तथ्य होतं, आणि त्यानेच टेपताई जास्त अस्वस्थ झाल्या. त्या म्हणाल्या, "आधी लिहिलं असतं तर त्यांनी विचार करून ठरवलं असतं. आता न्हाणीघर फोडून बसलोय. ठरवायला त्यांच्या हातात काय उरलंय?"

"मग काय, मी भरू?"

"मला उद्या सकाळी त्यांच्याकडे जाऊ द्या. मग बोलू."

"जा," मालक म्हणाले. "पण जाऊन सगळं ओकू नका. तोंड उघडलं की खर्च वाढतो, हे मी तुम्हाला आज सांगून ठेवतो."

घरी जेवताना टेपताईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो इंजिनं खोलणारा माणूस, फार बोलणारा नव्हे. त्याने एकच विचारलं, "तुला भीती कुणाची वाटतेय? त्या सिस्टरची?"

"नाही," टेपताई म्हणाल्या. "काकांची."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात औषधाची वाटी होती. काका खिडकीशी खुर्चीत बसले होते. टेपताई उभ्याउभ्याच बोलल्या. बसलं तर धीर सुटेल असं त्यांना वाटलं.

त्यांनी सगळं सांगितलं. चेंबरचं, पातळीचं, चाळीस हजारांचं. "हे न दिसणाऱ्यातलं नाही सिस्टर. दिसत होतं. मी मोजलं नाही." मग त्या काकांकडे वळल्या. "आणि काका, तुम्ही मला सांगितलं होतंत. मला शब्द कळला नाही. कळलं नाही असं मी म्हणायला हवं होतं. मी हवेच्या गप्पा मारल्या. माझं चुकलं."

सिस्टरबाईंनी वाटी खाली ठेवली. "तुम्हाला माहीत आहे हे काय होते?" त्यांचा आवाज अगदी थंड होता. "तीस वर्षं नगरपालिकेत नकाशे काढत होते. ड्रेनेजचे. या गावातली अर्धी गटारं यांच्या पेन्सिलीखालून गेलीत. ते टेबल दिसतंय ना, ज्यावर मी बाटल्या ठेवते? त्यावर काढलीत. आणि तुम्ही त्यांना म्हणालात, हवा मस्त आहे!"

टेपताईंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आत प्लंबर हातोडी चालवत होता, तो थांबला.

तेवढ्यात एक विचित्र आवाज आला. काका हसत होते. खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि हसताहसता त्यांना ठसका लागला. सिस्टरबाई धावल्या, पाठीवर हात फिरवू लागल्या. ठसका थांबल्यावर काका बायकोकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाले. टेपताईंना कळलं नाही.

"कळलं नाही काका," त्या म्हणाल्या. "पुन्हा सांगा."

काकांनी पुन्हा सांगितलं. सावकाश, एकेक शब्द ओठांनी ढकलत. "ही... पण... हो हो... म्हणते."

सिस्टरबाईंचा हात नवऱ्याच्या पाठीवरच थांबला. त्या बोलल्या तेव्हा आवाजात वॉर्ड नव्हता. "खरंय. मीही म्हणते. दिवसभराचं काम झालं की कान देण्याइतकं त्राण उरत नाही. मग हो हो म्हणायचं आणि पांघरूण घालायचं." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले आणि उघडले. "बसा ताई. उभ्या किती वेळ राहणार?"

टेपताई बसल्या. काकांनी बाटल्यांच्या टेबलाकडे हात केला. काय हवंय ते दोघींना एकदम कळलं. सिस्टरबाईंनी बाटल्या भराभर पलंगावर काढल्या, टेपताईंनी पर्समधून कागद आणि पेन्सिल दिली. प्लंबरही हात पुसत दारात येऊन उभा राहिला.

काकांना एक रेघ काढायला जवळपास दोन मिनिटं लागत होती. पेन्सिल थरथरायची, घसरायची, ते ती उचलून पुन्हा तिथेच टेकवायचे. रेघ सरळ येत नव्हती, पण कुठून कुठे जाते त्यात गफलत नव्हती. आधी घराचा चौकोन. मग पुढचं चेंबर. त्यावर त्यांनी फुली मारली. मग ते मागच्या बाजूला आले, स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे, आणि तिथे एक छोटा चौकोन काढला.

"मागे तर काही नाही," सिस्टरबाई म्हणाल्या. "कपडे वाळत घालायची दोरी आहे."

"खाली," काका म्हणाले.

"काय खाली? कळलं नाही," टेपताई म्हणाल्या.

"दोरी... खाली. मातीत. चेंबर. जुनं." मग दम घेऊन, "उतार... मागे."

सगळं निघायला दीड तास गेला. घर बांधलं तेव्हा काकांनी स्वतः उभं राहून स्वयंपाकघराचं पाणी मागे काढलं होतं, कारण जमिनीचा उतार मागच्या गल्लीकडे होता. ते चेंबर पुढच्यापेक्षा दीड फूट खोल होतं. वर्षानुवर्षं माती पडत गेली आणि ते दिसेनासं झालं. न्हाणीघराच्या खड्ड्यातून सरळ मागच्या बाजूला पाइप काढला, की काम झालं. पुढच्या अंगणाला हात लावायची गरजच नव्हती.

प्लंबर ऐकता ऐकताच पहार घेऊन मागे गेला होता. थोड्या वेळाने 'ठण्ण' असा आवाज आला आणि पाठोपाठ त्याची आरोळी, "झाकण लागलं!" त्याने नळी लावली, पातळी बघितली आणि आत येऊन काकांच्या खुर्चीपुढे उभा राहिला. "साहेब, सतरा इंच खाली आहे. पाणी पळत जाईल."

काकांनी दुरुस्ती केली. "अठरा."

प्लंबरने जाऊन पुन्हा मोजलं. झाकणाखालची माती खरवडल्यावर अठराच भरलं.

टेपताईंनी तिथेच बसून नवा हिशोब मांडला. अकरा फूट पाइप, भिंतीला भोक, खणाई, चार दिवसांची मजुरी. अठरा हजार. वर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'हे काम पहिल्या मोजणीत सुटलं. चूक आमची.' आणि कागद सिस्टरबाईंना दिला.

सिस्टरबाईंनी चष्मा लावला. "पाइप कितीचा?"

"सात हजार, जोडण्या धरून."

"पाइप माझ्या घरात राहणार आहे, तर पाइपाचे पैसे मी देणार. तुमच्या चुकीची मजुरी तुमच्या मालकांची. आणि ते पंचवीस हजार जसेच्या तसे राहू देत, खरोखर काही निघालं तर बघू." मग कागद परत देताना म्हणाल्या, "आमच्याकडे चुकीची गोळी दिली गेली तर लाल शाईने लिहावं लागायचं, खाली नावासकट. मी एकदा लिहिलंय. हात असा कापत होता, की अक्षर यांच्यासारखं आलं होतं."

मालकांनी अकरा हजारांची मजुरी सोसली. दोन दिवस कुरकुरले, ताईंच्या तोंडापायी माझं दिवाळं निघणार म्हणाले. तिसऱ्या दिवशी ते स्वतः काम बघायला गेले, मागच्या चेंबरपाशी उकिडवे बसून दहा मिनिटं आत बघत राहिले, आणि परत येऊन एवढंच म्हणाले, "तो म्हातारा अजून कुठे कुठे काय गाडून बसलाय, विचारून ठेवा."

जमीन झाली, दांडी लागली, दार सरकलं. पहिल्या अंघोळीच्या दिवशी सिस्टरबाईंनी टेपताईंना मुद्दाम बोलावून घेतलं होतं, काही अडलं तर असाव्यात म्हणून. काका चाकांचा वॉकर ढकलत निघाले. खोली संपली आणि न्हाणीघर सुरू झालं, ते चाकांना कळलंसुद्धा नाही. डाव्या हाताने दांडी पकडून ते ओट्यावर टेकले. सिस्टरबाई साबण घेऊन मागोमाग आत शिरू लागल्या. काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं, साबण मागून घेतला आणि दार सरकवून लावलं.

सिस्टरबाई दाराशी तशाच उभ्या राहिल्या. आतून पाण्याचा आवाज येत होता. काहीतरी खाली पडलं, त्या पुढे झाल्या, पण लगेच पुन्हा पाणी ऐकू आलं. मग त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि रिकाम्या हातांकडे बघू लागल्या. "काय करू आता?" त्या टेपताईंना म्हणाल्या. "या वेळेला मला काही काम नसतं असं झालंच नाही कधी."

"चहा करा," टेपताई म्हणाल्या. "मीही घेईन."

काका चाळीस मिनिटांनी बाहेर आले. शर्टाची बटणं एकेक घर चुकून लागली होती. सिस्टरबाईंनी ती तशीच राहू दिली.

न दिसणाऱ्या कलमातले तीन हजार लागले, कारण भिंतीत खरोखरच एक सडलेला नळ निघाला. तो टेपताईंनी सिस्टरबाईंच्या हातात ठेवून दाखवला. बाकीचे बावीस तसेच राहिले.

पुढच्या महिन्यात मालकांकडे एका छोट्या दवाखान्याच्या कामाची विचारणा आली. चार न्हाणीघरं, जुनी इमारत. टेपताई नकाशा घेऊन काकांकडे गेल्या आणि पातळ्या तपासून द्याल का म्हणून विचारलं. काकांनी नकाशा टेबलावर पसरायला लावला आणि मग बोटांनी पैशांची खूण केली.

"अहो!" सिस्टरबाई ओरडल्या. "त्यांच्याकडून पैसे घेणार?"

"काम... आहे," काका म्हणाले.

टेपताई मालकांशी बोलल्या. मालकांनी तोंड वाकडं केलं, भाव केला, आणि शेवटी एका नकाशाला दीड हजार ठरलं. त्या दिवसापासून टेपताईंच्या इस्टिमेटात एक ओळ वाढली, 'सांडपाण्याच्या पातळीची तपासणी', आणि पुढे आकडा.

दवाखान्याच्या नकाशाला काकांनी नऊ दिवस घेतले. त्यांच्या रेघा पाण्यावर काढल्यासारख्या हलत होत्या, पण प्लंबरला त्या वाचायला काही अडचण आली नाही. तिसऱ्या न्हाणीघराचा उतार टेपताईंनी उलटा धरला होता. काकांनी तिथे लाल पेन्सिलीने गोल केला होता. टेपताईंनी तो दुरुस्त करून इस्टिमेट पाठवलं आणि ते काम त्यांना मिळालं.

त्यानंतरचं काम शाळेचं होतं. त्याचे नकाशे काकांनी स्वतःच मागवून घेतले, आणि सिस्टरबाईंनी औषधांसाठी दुसरं टेबल विकत आणलं.